वाळक्या शेंगेतला पीळ

उन्हाळ्यातल्या कोरड्या दुपारी कांचनाच्या झाडाखाली थोडा वेळ थांबलं, तर वरून अधूनमधून 'तट्' असा आवाज येतो. फांदीवर वाळत असलेली एखादी चपटी, वीतभर शेंग तडकते, बिया दूरवर उडतात आणि शेंगेच्या दोन्ही फाका बघता बघता स्वतःभोवती पिळल्या जातात. एक फाक डावा पीळ घेते, दुसरी उजवा. ज्या कवचात ही सगळी हालचाल घडते त्यातल्या पेशी तोवर मेलेल्या असतात. तिथे स्नायू नाहीत, रस वाहत नाही, झाडाकडून कुठला निरोपही येत नाही. खाली पडलेली फाक उचलून पाण्यात ठेवली, तर तिचा पीळ हळूहळू सैल होतो. वाळू दिली की तो परत भरतो. कुठे, किती आणि कुठल्या हाताचा पीळ घ्यायचा हे त्या कवचाच्या घडणीतच ठरवून ठेवलेलं असतं. हवेतला कोरडेपणा फक्त ते अमलात आणतो.

लवचीक पदार्थ पाणी पिऊन फुगतात आणि पाणी गेल्यावर आकसतात, यात नवल नाही. साबुदाणा भिजला की मोठा होतो, पण गोलच राहतो. सगळीकडून सारखं फुगलं तर माप बदलतं, आकार बदलत नाही. आकार बदलायला फरक लागतो. एक बाजू जास्त फुगली आणि दुसरी कमी, किंवा मध्य जास्त आणि कड कमी, किंवा एकाच ठिकाणी रुंदी वाढली आणि लांबी तेवढीच राहिली, तर त्या पदार्थाला आहे तसं राहता येत नाही. ताण कमी करण्यासाठी त्याला वाकावं, वळावं किंवा चुण्या पाडून घ्याव्या लागतात. पानाच्या श्वासापासून गर्भातल्या मेंदूच्या घड्यांपर्यंत अनेक गोष्टी या एवढ्याशा कारणाने घडतात.

सुरुवात लाकडापासून करू, कारण वनस्पतींचा सगळा खेळ लाकडातल्याच एका गुणावर चालतो. वनस्पतीच्या पेशीची भिंत सेल्युलोजच्या अतिसूक्ष्म तंतूंनी बनलेली असते आणि त्या तंतूंच्या मधल्या जागेत पाणी धरून ठेवणारा दुसरा पदार्थ भरलेला असतो. पाणी शिरतं ते या मधल्या जागेत. तंतू एकमेकांपासून दूर ढकलले जातात, पण तंतूंची स्वतःची लांबी जवळजवळ बदलत नाही. त्यामुळे लाकूड आडवं फुगतं, उभं फुगत नाही. ओलं लाकूड पूर्ण वाळेपर्यंत तंतूंच्या दिशेने साधारण ०.१ ते ०.२ टक्के आकसतं. खोडाच्या त्रिज्येच्या दिशेने हे प्रमाण बहुतेक जातींत ३ ते ५ टक्के असतं आणि वार्षिक वलयांच्या कडेने त्याच्या जवळजवळ दुप्पट. पावसाळ्यात जुन्या घराचं दार चौकटीत रुतून बसतं ते रुंदीत वाढल्यामुळे. उंची त्याची होती तेवढीच राहते. खोडातून सरळ चिरून काढलेली फळी वाळताना तिच्या कडा सालीच्या बाजूला का उचलल्या जातात, हेही याच आकड्यांतून कळतं. सालीकडच्या अंगाला वलयांची दिशा फळीच्या रुंदीशी जास्त जुळलेली असते, म्हणून ते अंग जास्त आकसतं. चांगला सुतार फळीच्या टोकावरची वलयं पाहून ती कुठल्या बाजूला बाक घेईल ते सांगतो.

आता वेगवेगळ्या प्रमाणात फुगणारे दोन थर एकमेकांना चिकटवले आहेत असं समजा. जास्त फुगणारा थर बाहेरच्या अंगाला जाईल आणि पट्टी वाकेल. किती वाकेल, याचं गणित स्टीफन टिमोशेन्को या अभियंत्याने १९२५ साली मांडलं. त्याच्यासमोर ओलावा नव्हता, तापमान होतं. दोन धातूंच्या जोडपट्टीचा थर्मोस्टॅट कसा वाकतो, हा त्याचा प्रश्न होता. इस्त्री ठरावीक तापली की आपोआप बंद करणारी पट्टी याच जातीची. पण गणिताला फुगण्याचं कारण उष्णता की पाणी याच्याशी देणंघेणं नाही. सारख्या जाडीचे, सारख्या कडकपणाचे दोन थर मिळून १ मिलिमीटर जाड पट्टी झाली आणि त्यांच्या फुगण्यात फक्त १ टक्का फरक असला, तरी ती सुमारे ६७ मिलिमीटर त्रिज्येचं वर्तुळ करते. जाडी दहा पटींनी कमी केली की त्रिज्याही दहा पटींनी कमी होते, म्हणजे सात मिलिमीटरच्या आत येते. नजरेला जाणवणारही नाही इतका १ टक्का फरक पातळ पट्टीत अख्खी गुंडाळी होऊन दिसतो. निसर्गाने हालचालीसाठी पातळ आणि लांब अवयव का निवडले, ते यातून उलगडतं.

पाइनच्या शंकूचे खवले असेच दोन थरांचे असतात. कॉलिन डॉसन, ज्युलियन व्हिन्सेंट आणि ॲन-मेरी रोका यांनी १९९७ साली 'नेचर'मध्ये त्यांची रचना दाखवली. खवल्याच्या बाहेरच्या थरात पेशीभिंतीतले तंतू पेशीच्या अक्षाशी सुमारे ७४ अंशांचा कोन करतात, आतल्या थरात सुमारे ३०. पदार्थ दोन्हीकडे एकच, तंतूंची मांडणी तेवढी वेगळी. बाहेरच्या थरात तंतू आडवे असल्यामुळे तो लांबीत फुगतो आणि आकसतो. आतला फारसा बदलत नाही. हवा कोरडी झाली की बाहेरचा थर आखडतो, खवला मागे वळतो, शंकू उघडतो आणि बिया वाऱ्यावर जातात. पाऊस आला की शंकू मिटतो.

हे वाकणं घरी पाहायचं तर ट्रेसिंग पेपरचा लहानसा चौकोन अलगद पाण्यावर सोडावा. खालची बाजू आधी भिजते, फुगते, आणि कागद कडांनी वर उचलला जाऊन गुंडाळू लागतो. थोड्या वेळाने पाणी वरच्या पृष्ठभागापर्यंत पोचतं, फरक मिटतो आणि कागद परत सपाट होतो. शंकूच्या खवल्यातला फरक कायमचा आहे, कागदातला तात्पुरता. कागद दोन्हीकडून सारखाच असतो. पाणी पोचायला लागणारा वेळ एवढाच काय तो फरक. उन्हात घातलेल्या पापडाची वरची बाजू आधी वाळून कडा उचलल्या जातात आणि तो वेळेवर उलटवावा लागतो, तेही यामुळेच.

या वेळेचा हिशोब फार महत्त्वाचा आहे. पाणी पदार्थात झिरपत जातं आणि झिरपण्याचा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. जाडी दुप्पट, तर वेळ चौपट. साधारण जेलमध्ये १ मिलिमीटर आत पोचायला पाण्याला काही तास लागू शकतात, तर त्याच्या दहाव्या हिश्शाएवढ्या जाडीला एक-दोन मिनिटं पुरतात. म्हणून फुगण्याच्या जोरावर चालणारी मोठी आणि जाड गोष्ट चपळ असू शकत नाही. मग तेरड्याचं पिकलेलं बोंड नुसत्या स्पर्शाने क्षणार्धात कसं फुटतं? तिथे फुगणं आधीच होऊन गेलेलं असतं. बोंडाच्या भिंतीच्या बाहेरच्या पेशी पाण्याने तटतटलेल्या असतात, त्यांना पसरायचं असतं, पण आतला थर त्यांना अडवून धरतो. ताण दिवसेंदिवस साठत जातो. धक्का लागून पाकळ्यांमधला सांधा सुटला की प्रत्येक पाकळी आतल्या बाजूला गुंडाळते आणि बिया फेकल्या जातात. पाणी संथपणे ऊर्जा भरतं, सांधा ती एकदम सोडतो. कांचनाची शेंगही असंच करते, फक्त तिथे ताण भरतो तो वाळण्यातून.

वाकण्याच्या पुढची पायरी म्हणजे पीळ. सह्याद्रीच्या उतारांवर आणि माळांवर पावसाळा सरल्यावर ज्यांनी पायपीट केली आहे, त्यांना कुसळी गवत वेगळं सांगायला नको. पायजम्यात, मोज्यांत, मेंढ्यांच्या लोकरीत ही कुसळं शिरतात आणि उलटी ओढली तर निघत नाहीत. बीजाचं टोक अणकुचीदार असतं, त्यावर मागे वळलेले कडक केस असतात आणि मागे लांब शेपटी असते. कोरड्या हवेत ही शेपटी दोरासारखी वळलेली राहते. ओल मिळाली की ती उलगडू लागते आणि उलगडताना गोल फिरते. शेपटीचं टोक गवताच्या काडीला किंवा ढेकळाला अडकलेलं असलं, तर फिरणारं बीज जमिनीत घुसतं. रात्रीचं दव आणि दिवसाचं ऊन यांच्या आलटून पालटून फिरवण्याने ते आत जात राहतं, कारण मागे वळलेले केस त्याला बाहेर येऊ देत नाहीत.

माणसाने ही हालचाल फार पूर्वी हेरली. रॉबर्ट हूक याने १६६५ सालच्या 'मायक्रोग्राफिया'त रानटी ओटच्या कुसळाचं वर्णन केलं आणि त्या कुसळाला काटा लावून हवेतला ओलावा दाखवणारं यंत्र सुचवलं. चार्ल्स डार्विनचा मुलगा फ्रान्सिस डार्विन याने १८७६ साली अशाच एका गवताच्या बीजावर सविस्तर निबंध लिहिला. त्याची एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. अख्खं कुसळ पिळतं म्हणून थांबायचं नाही, तर त्याची एकेक पेशी सुटी करून पाहायची, असं त्याने ठरवलं. आणि सुटी पेशीही वाळताना स्वतःभोवती पिळते, असं त्याला दिसलं. तिच्या भिंतीतले तंतू चक्राकार जिन्यासारखे तिरके चढत जातात, त्यांच्यामधली जागा आकसली की पेशी फिरते, आणि अशा असंख्य पेशींची बेरीज म्हणजे कुसळाचा पीळ. जर्मनीत पॉट्सडॅमच्या माक्स प्लांक संस्थेतल्या संशोधकांनी २००७ साली रानटी गव्हाच्या दाण्यांबद्दलही असंच दाखवलं. तिथे दोन कुसळं पोहणाऱ्याच्या पायांप्रमाणे दिवसा फाकतात आणि रात्रीच्या दमटपणात जवळ येतात, त्यामुळे दाणा पुढे सरकत राहतो. शेतात पिकणाऱ्या गव्हाला माणूस पेरतो. रानटी गहू स्वतःला पेरतो.

कांचनाच्या शेंगेत मात्र तिरक्या तंतूंचं आणखी सुंदर भूमितीय रूप आहे. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातल्या एरान शेरोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली 'सायन्स'मध्ये ते मांडलं. फाकेच्या कवचात तंतूंचे दोन थर असतात. एका थरातले तंतू शेंगेच्या लांबीशी ४५ अंशांचा कोन करून एका बाजूला झुकलेले, दुसऱ्यातले तेवढाच कोन करून विरुद्ध बाजूला. म्हणजे दोन्ही थर एकमेकांना काटकोनात. प्रत्येक थर आपल्या तंतूंना आडवा आकसतो. परिणामी एका तिरप्या दिशेने कवचाला वर वाकायचं असतं आणि तिला काटकोनातल्या दुसऱ्या दिशेने खाली. दोन्ही एकदम घडलं की खोगिराचा आकार होतो. पण खोगिरातून तिरपी कापलेली अरुंद पट्टी पाहिली तर ती पिळलेलीच दिसते. शेंगेच्या फाकेची लांबी नेमकी तशीच, तिरपी पडते.

या मंडळींनी शेंगेशिवायही हा प्रयोग केला. लॅटेक्सचे दोन पातळ पापुद्रे घेऊन त्यांनी एक उभा ताणला, दुसरा आडवा, ताणलेल्या स्थितीत एकमेकांना चिकटवले आणि वेगवेगळ्या कोनांत पट्ट्या कापल्या. ताणाच्या दिशेने कापलेली पट्टी नुसती गोल वळली. ४५ अंशांत कापलेली पिळली. पट्टी अरुंद असेल तर तिचा मधला अक्ष सरळ राहून ती त्याच्याभोवती मुरडते. रुंद असेल तर काठीवर गुंडाळलेल्या फितीसारखी होते. हा रुंदीचा फरक मला या सगळ्या विषयाचं मर्म वाटतो. दोन्ही पट्ट्यांचे थर तेच, ताण तोच. मग आकार वेगळा का?

उत्तरासाठी कार्ल फ्रीडरिख गाऊस याच्याकडे जावं लागतं. वक्र पृष्ठभागांविषयीचं त्याचं प्रमेय १८२७ सालचं आहे. त्याचा साधा अर्थ असा की कागद कुठेही न ताणता त्याची नळी करता येते, शंकू करता येतो, पण गोलाचा तुकडा करता येत नाही आणि खोगीरही करता येत नाही. पृष्ठभागावरची अंतरं बदलल्याशिवाय त्या प्रकारची वक्रता येत नाही. रुंद पट्टीने सगळीकडे खोगीर व्हायचं म्हटलं तर तिला कडेला खूप ताणावं लागेल. पातळ पदार्थाला वाकणं स्वस्त पडतं आणि ताणणं महाग. म्हणून रुंद पट्टी दोनपैकी एक वक्रता सोडून देते आणि नळीवरची फीत होते. अरुंद पट्टीला कडेचा खर्च फार नसतो, ती दोन्ही वक्रता सांभाळते.

याच प्रमेयाला उलट बाजूनेही पाहता येतं. अंतरं बदलली तर वक्रता आणता येते, मग अंतरं आपणच ठरवून बदलली तर? २००७ साली शेरोन यांच्याच गटाने एका जेलची सपाट चकती बनवली. हे जेल साधारण ३३ अंश सेल्सिअसच्या वर तापवलं की पाणी सोडून एकदम आकसतं. चकती ओतताना त्यांनी मध्यापासून कडेपर्यंत पॉलिमरचं प्रमाण बदलत नेलं. गरम पाण्यात टाकल्यावर विरळ भाग जास्त आकसला, दाट भाग कमी. जिथे कड मध्यापेक्षा जास्त आकसली तिथे चकतीचा घुमट झाला. जिथे मध्य जास्त आकसला तिथे कडेला जागेपेक्षा जास्त लांबी उरली आणि तिने झालरीसारख्या लाटा केल्या. कुठेही दोन थर नव्हते. फरक जाडीत नव्हता, पृष्ठभागावर पसरलेला होता. पुढे २०१२ साली ॲमहर्स्टच्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात वर्तमानपत्रातल्या छायाचित्रांसारखे लहानमोठे ठिपके जेलवर 'छापून' कुठे किती फुगायचं हे ठरवण्यात आलं.

पानांच्या आणि पाकळ्यांच्या लाटा अशाच येतात, फक्त तिथे फुगण्याच्या जागी वाढ असते. लिलीची कळी उमलताना पाकळीच्या कडा मध्यापेक्षा जास्त वाढतात आणि त्या ताणानेच पाकळी बाहेर उलगडते, असं एल. महादेवन आणि हायी लियांग यांनी २०११ साली दाखवलं. मद्रासच्या आयआयटीत शिकलेले महादेवन हार्वर्डमध्ये असतात आणि रोज डोळ्यांसमोर असलेल्या गोष्टींचं गणित शोधण्यात त्यांचा हातखंडा आहे. त्यांच्या गटाने फिनलंड आणि फ्रान्समधल्या सहकाऱ्यांबरोबर २०१६ साली केलेला प्रयोग तर थक्क करणारा आहे. गर्भातल्या बाळाचा मेंदू साधारण विसाव्या आठवड्यापर्यंत बराचसा गुळगुळीत असतो, घड्या नंतर पडतात. एमआरआयवरून त्या गुळगुळीत अवस्थेतल्या मेंदूची मऊ प्रतिकृती तयार करून तिच्यावर बाहेरचा पातळ थर दिला आणि ती एका द्रावणात बुडवली. बाहेरचा थर फुगला, आतला भाग तेवढाच राहिला, आणि काही मिनिटांत पृष्ठभागावर खऱ्या मेंदूतल्यासारख्या खोल घड्या पडल्या. मोठ्या घड्यांच्या दिशासुद्धा पुष्कळशा जुळल्या. याचा अर्थ जनुकांना काम नाही असा कोणी काढू नये. बाहेरचा थर किती आणि केव्हा वाढवायचा हे जनुकंच ठरवतात. मात्र प्रत्येक घडीचा वेगळा आराखडा त्यांना लिहून ठेवावा लागत नाही.

पानांच्या पृष्ठभागावरची पर्णरंध्रंही याच कुळातली. रंध्राच्या दोन्ही बाजूंना घेवड्याच्या दाण्याच्या आकाराच्या दोन पेशी असतात. त्यांच्या भिंतीतले तंतू कड्यांसारखे आडवे बांधलेले, म्हणून पाणी भरल्यावर त्या जाड होऊ शकत नाहीत, लांबच होतात. पण टोकं एकमेकांना जोडलेली असतात. लांब व्हायचं तर बाहेर बाक घ्यावा लागतो आणि मधे फट पडते. पृथ्वीवरची हिरवाई जो कार्बन डायऑक्साइड आत घेते, त्याचा फार मोठा भाग या फटीतूनच जातो.

सगळ्याच सुरकुत्या मात्र या खात्यावर टाकू नयेत. बराच वेळ पाण्यात राहिल्यावर बोटांच्या टोकांना सुरकुत्या पडतात, तेव्हा कातडी फुगली असं आपण सहज म्हणतो. पण थॉमस लुइस आणि जॉर्ज पिकरिंग या डॉक्टरांना १९३६ सालीच दिसलं होतं की बोटाच्या मज्जातंतूला इजा झालेली असेल तर त्या सुरकुत्या पडत नाहीत. निव्वळ फुगण्याला मज्जातंतू लागला नसता. बोटांतल्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, आतलं आकारमान घटतं आणि वरची कातडी चुरगळते.

हे ज्ञान वापरायला माणसाने नुकती सुरुवात केली आहे. स्टुटगार्टचे वास्तुविशारद अखिम मेंगेस यांनी २०१२ साली पॅरिसच्या पॉम्पिदू केंद्रासाठी पातळ लाकडी पापुद्र्यांची एक रचना केली. हवेतला दमटपणा बदलला की तिचे शेकडो खवले विजेशिवाय, मोटरशिवाय उघडतात किंवा मिटतात. आपल्यासारख्या दमट आणि कोरडे ऋतू आलटून पालटून येणाऱ्या देशाला झडपा आणि खिडक्यांसाठी हा विचार फार उपयोगी पडेल असं मला मनापासून वाटतं. लाकूड वर्षानुवर्षं फुगून-आकसून दमतं, बुरशी येते, हे प्रश्न आधी सोडवावे लागतील. २०२१ साली पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या गटाने सपाट पास्त्यावर एकाच बाजूला बारीक खाचा पाडून तो शिजताना आपोआप वळेल असा केला. सपाट पास्ता खोक्यात कमी जागा व्यापतो.

सगळ्यात अवघड काम उलट दिशेचं आहे. आधी आकार ठरवायचा आणि मग त्यासाठी कुठे किती फुगायला हवं हे शोधायचं. हार्वर्डमध्ये जेनिफर लुइस यांच्या प्रयोगशाळेत २०१६ साली सेल्युलोजचे तंतू मिसळलेलं जेल त्रिमितीय छपाईयंत्राने पसरलं गेलं. यंत्राच्या तोंडातून बाहेर पडताना तंतू रेषेच्या दिशेने आपोआप लागतात, म्हणून रेषा ज्या कोनात ओढाव्या त्यावरून फुगण्याची दिशा ठरते. पाण्यात टाकलेली सपाट नक्षी उमलून ऑर्किडच्या फुलाच्या आकाराला आली. तीन वर्षांनी लुइस आणि महादेवन यांच्या गटांनी सपाट जाळीचं आणखी कठीण रूपांतर साधलं. जाळीची प्रत्येक काडी वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावणाऱ्या पदार्थांच्या पट्ट्या जोडून केली होती. कुठल्या काडीने किती वाकायचं आणि किती लांब व्हायचं हे आधी गणिताने काढलेलं होतं. इथे फरक पाण्याने नाही, तापमानाने घडवला. जाळी उठून एका माणसाचा चेहरा झाली. कपाळ, नाक आणि हनुवटी असलेला तो चेहरा त्यांनी गाऊसचा निवडला होता.